नातीचे नाव ‘नमुना’ नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रायोगिक संगणकीकरण अधिकारी,
जिल्हा संगणकीय दाखले कक्ष,
अहमदनगर.

अर्जदार : खाजाभाई उस्मान आत्तार, वय ६३, धंदा बांगड्या व कुंकू विक्री, रा. मौजे हिवरपट्टी, कोल्हारजवळ, जि. अहमदनगर.

विषय : नातीच्या जन्मदाखल्यावर ‘मेहविश’ऐवजी छापून आलेला ‘नमुना’ हा शब्द ३१ जुलैच्या आत काढून मिळणेबाबत.

संदर्भ : १) हस्तलिखित दाखले बंद करणारे आपले परिपत्रक.
२) अर्जदाराचा दि. ८ जून १९९८ चा अर्ज.
३) त्यावर आपले एका ओळीचे उत्तर : ‘विहित नमुन्यात अर्ज करावा.’

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार गेली चाळीस वर्षे कोल्हारच्या बाजारात व आसपासच्या वस्त्यांवर बायाबापड्यांना बांगड्या भरतात. भरणे म्हणजे बांगड्या भरणे, एवढेच त्यांना ठाऊक होते. फॉर्म भरणे आणि वर्गणी भरणे यात त्यांची नात अडकेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

१. अर्जदारांची नात कु. मेहविश सैफ आत्तार हिला यंदा पहिलीत घातले. त्यासाठी ग्रामपंचायतीतून जन्मदाखला काढला. आपल्या कक्षाने दिलेल्या संगणकावर ग्रामसेवक श्री. मच्छिंद्र यांनी नाव बरोबर भरले, हे अर्जदारांनी चष्मा लावून स्वतः पाहिले. पण खरखर करत कागद बाहेर आला तेव्हा त्यावर होते, ‘नमुना सैफ आत्तार’. मच्छिंद्रभाऊंनी पुन्हा भरले. पुन्हा नमुना. तिसऱ्यांदा त्यांनी संगणकाच्या डोक्यावर एक चापट मारून पाहिली. पुन्हा नमुनाच.

२. असे का होते, याचा शोध घेता पुढील हकिकत उघडकीस आली. संगणकातला फॉर्म भरण्याचा प्रोग्रॅम पुण्याच्या एका कंपनीचा असून तो एक वर्ष फुकट चालतो. वर्ष सरल्यावर, म्हणजे गेल्या साली ऐन गणपतीच्या तोंडावर, कंपनीचे ग्रामपंचायतीला पत्र आले : ‘आपली वार्षिक वर्गणी संपली आहे. वर्गणी न भरल्यास आपले सर्व दाखले केवळ नमुना राहतील.’

पत्र वाचून सरपंच श्री. आबासाहेब भडकले. ‘पुण्याच्या मंडळाची वर्गणी आपल्याकडं? तितं काय मानसं न्हाईत व्हय? आन् वर धमकी देत्यात!’ असे उद्गार त्यांनी पारावर काढले. तरीही गणपतीचे काम, नाही कसे म्हणायचे? ‘आपल्या मंडळाला दिली काय आन् पुन्याच्या मंडळाला दिली काय, देव एकच हाय,’ असा निवाडा करून त्यांनी वर्गणी गावच्या मंडळाला दिली. पावती, नारळ आणि पेढ्यांचा पुडा पुण्याला पोस्टाने रवाना केला. ती पावती फाडणारे मंडळाचे खजिनदार म्हणजे खुद्द अर्जदारच, हे अर्जदार लपवू इच्छीत नाहीत.

३. तेव्हापासून गावात जो दाखला निघतो तो नमुन्याचाच. आजवर एकशे बारा नमुने झाले. खुद्द सरपंचांचा रहिवासी दाखलाही ‘नमुना’ नावाने निघाला, तेव्हा मात्र संगणक पहिल्यांदाच खरे बोलला, असे गावात सर्वांचे मत पडले. थोरामोठ्यांनी हे हसण्यावारी नेले. पण अर्जदारांच्या नातीचे तसे नाही. वर्गात हजेरीला गुरुजी ‘नमुना’ म्हणून हाक मारतात आणि चाळीस पोरे एकदम खिदळतात. आठ दिवस ती रडत घरी आली. नवव्या दिवशी रडली नाही, गुमान बांगड्यांच्या पेटीमागे जाऊन बसली. ते अर्जदारांना जास्त लागले.

४. हेडमास्तर भले गृहस्थ आहेत. त्यांनी नाव तूर्त पेन्सिलीने लिहिले आहे. परंतु ३१ जुलैला जनरल रजिस्टर शाईने पक्के होणार. एकदा शाई लागली की दहावीच्या सर्टिफिकेटापर्यंत पोरगी नमुना राहणार, आणि दाखला संगणकाचाच लागणार, कारण संदर्भ क्र. १.

५. संदर्भ क्र. ३ प्रमाणे अर्जदारांनी पुन्हा अर्ज केला, तोही त्याच संगणकावर, म्हणजे नमुन्यातच. त्याचे उत्तर ‘श्री. नमुना, मु. पो. हिवरपट्टी’ या पत्त्यावर आले. पोस्टमन दोन दिवस ते पत्र घेऊन गावभर विचारत होते, ‘ह्यातला कोनता नमुना?’ सारे गाव सरपंचांच्या घराकडे बोट दाखवत होते.

६. शेवटी अर्जदार माल आणायला पुण्याला गेले असता बांगड्यांचे खोके डोक्यावर घेऊनच कंपनीत जाऊन थडकले. तेथील कु. भारती या मुलीने पाणी दिले, सारे ऐकून घेतले आणि पोट धरून हसली. म्हणाली, ‘आजोबा, ही वर्गणी ती वर्गणी नव्हे. मासिकाची वर्गणी असते ना, तशी. भरली की प्रोग्रॅम चालू. पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले, पण प्रोग्रॅम पेढे खात नाही हो.’ अर्जदारांनी तिथल्या तिथे स्वतःच्या खिशात हात घातला. पण वर्गणी फक्त ग्रामपंचायतीकडूनच घेता येते, असा नियम निघाला.

७. ग्रामपंचायतीने आपल्या कक्षाकडे मंजुरी मागितली. कक्षाने कळविले की, ‘शासकीय निधीतून कोणत्याही मंडळास वर्गणी देता येणार नाही, गतवर्षी दिलेल्या वर्गणीचा खुलासा करावा.’ साहेब, आता काय बोलायचे! मच्छिंद्रभाऊ तेव्हापासून खुलासाच लिहीत बसले आहेत. दाखले बंद.

८. सबब विनंती की, सदर वर्गणीस ‘वर्गणी’ न म्हणता ‘भाडे’ म्हणावे. मांडवाला भाडे चालते, लाउडस्पीकरला चालते, तर प्रोग्रॅमला का नाही? एका शब्दाचे काम आहे. तेही जमत नसेल तर मेहविशपुरता एक दाखला हाताने लिहून त्यावर आपण सही करावी.

९. आणखी एक गोष्ट अर्जात घालू नका, असे अर्जदारांनी बजावले होते, तरी मी अर्जलेखक ती घालतो. मेहविश हे नाव अर्जदारांच्या पत्नी शमशाद यांनी ठेवले. चंद्रासारखी, असा त्याचा अर्थ. नाव ठेवले आणि चौथ्या महिन्यात त्या गेल्या. घरात त्यांचा फोटो नाही. काढायचा राहून गेला. अर्जदार म्हणतात, ‘तिनं ठेवलेलं येवढंच हाय माज्याकडं.’ हे लिहिताना ते बाजूला बसून बांगड्यांची पेटी पुसत आहेत, मघाशीच पुसून झालेली.

आपण लेकराबाळांचे धनी असाल, जास्त काय लिहावे.

आपला नम्र, तसेच गणपतीची वर्गणी नेमाने भरणारा,

(सही) खाजाभाई उस्मान आत्तार
मौजे हिवरपट्टी
दि. २० जुलै १९९८

अर्जदारांच्या सांगण्यावरून हाताने लिहिणार : सहादेव, अर्जलेखक, कोल्हार बाजार.

सोबत :
१) ‘नमुना’ दाखला, तीन प्रती.
२) मंडळाची वर्गणी पावती.
३) श्री. नमुना यांस आलेले आपले पत्र.
४) वहीचे एक पान. त्यावर ‘मेहविश’ असे नातीने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. तिला लिहिता येणारा हा पहिलाच शब्द असून ‘वि’ची वेलांटी उलटी पडली आहे, ती दुरुस्त करू नये. झेरॉक्स काढून घ्यावी व मूळ पान अर्जदारांस परत मिळावे.