आपाच्या कोठीतली हिरवी डिस्क

६ फेब्रुवारी, गुरुवार

आला! डबा आला! एका पेटीत दोन डिस्का – एकीत फोटो टाकले की त्याच घडीले दुसरीत. एक मेली तरी दुसरी जित्ती! स्टुडिओचं शटर अर्धं ओढून नाचलो. बासष्ट वर्षाचा माणूस, लाज नाही!

चार वर्षाआधी हा डबा असता तर भाचा जमीरच्या निकाहाचे फोटो वाचले असते. एकच डिस्क होती, तीच बसली. तवापासून आपानं माहं तोंड पाह्यलं नाही. "माह्या पोराचं लग्न हरवलं तू, गनी. माह्या उंबऱ्यावर कॅमेरा आणू नको." सख्खी बहीण! तिचं यवतमाळ काही लांब नाही, पण माहा पाय उचलला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

जेबा सुट्टीले यवतमाळच्या कॉलेजातून घरी आली. डबा पाहून म्हणे, "अब्बा, दुकानाले आग लागली तर दोन्ही जळतीन. अजून दोन सुट्ट्या डिस्का घ्या. एक इथं, एक गावाबाहेर. दर आठवड्याले अदलाबदल."

गावाबाहेर कोणाकडं?

"सुग्राफुफीकडं."

सुग्रा म्हंजे आपाच! म्हटलं, तूच ने मंग, मी नाही येत.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन डिस्का घेतल्या, एक लाल पट्टीची, एक हिरव्या; लाल जेबासंगं गेली. अन् रात्री जेबाचा फोन – आपानं ठेवून घेतली! फडक्यात बांधून गव्हाच्या कोठीत. "अमानत हाय, दुसऱ्याची ठेव," म्हणे. माहं नाव ऐकूनही! त्या खुशीत दोन प्लेट भजी खाल्ली.

१६ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी वामनरावांच्या ऋचाचं लग्न. काय फोटो आले, बाप्पा! डब्यात टाकले, हिरव्या पट्टीच्या डिस्कवरही उतरवले. काल लाल परत आली, आज हिरवी गेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मी गाढव!

वामनराव अल्बमचे फोटो निवडाले आले. मले डब्याची शेखी मिरवाची होती ना! म्हटलं, "पाहा गंमत, इथून पुसलं तरी दुसरीत राह्यते!" अन् ऋचाचं अख्खं लग्न पुसलं. कंप्युटरच्या कचरापेटीतूनही काढलं, पक्कं दिसावं म्हणून. दुसरी लावून पाह्यली – तीबी साफ! एकीत टाकलं ते दुसरीत जाते, तसं एकीतून पुसलं ते दुसरीतूनही पुसल्या जाते. एवढं साधं डोक्यात आलं नाही. कॅमेऱ्याची कार्डं तर मी सोमवारीच कोरी केलती.

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणे, "गनीभाई, पोरीचं लग्न अजून एकदा लावू का?"

लाल डिस्क लग्नाआधीची. जे काही हाय ते हिरवीत, आपाच्या कोठीत. जेबाले म्हटलं, उद्याच्या उद्या घेऊन ये. तासाभरानं तिचा फोन. "फुफी देत नाहीत. म्हणतात, शनिवारची अदलाबदल ठीक. मधातच पाहिजे तर ज्याची अमानत त्यानंच यावं." अन् हसून राह्यली पोरगी! बापाचा जीव चालला, अन् हे हसते!

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेलतो!

एसटीत सारं बोलणं पाठ केलं, दारात सारं विसरलो. आपा म्हातारी झाली. मीबी झालो. तिनं कोठीत कोपरापर्यंत हात घातला, हिरवी काढली, गहू झटकले. "काहून रे, पुन्हा हरवलं?"

"पुसलं. मीच."

हसली! पदर तोंडाले लावून हसली! चहा दिला – बिनसाखरेचा. मले शुगर हाय हे तिले कोणं सांगतलं? निघताना एवढंच म्हणे, "घरी जाऊन नीट उघडून पाह्य."

ऋचाचं लग्न सारंच्या सारं निघालं! वामनराव फोनवर रडले, मग मनसोक्त शिव्या दिल्या, मग म्हणे पेढे पाठवतो. आज मले झोप येत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हिरवीत एक फोल्डर माहं नाही. नाव – 'मामूकडं अमानत'. मले मामू म्हणणारा जमीरच, त्यानंच टाकलं. आत अकरा फोटो. इवलीशी पोरगी, कपाळाले काजळाचा टिक्का.

आपाले फोन लावला. मी काही म्हणाच्या आधी तीच बोलली. "जमीरची पोर, पाच दिवसाची हाय. जिया नाव ठेवून राह्यलो. रविवारी अकीका, नाव ठेवाची दावत. कॅमेरा घेऊन येजो, गनी. अन् निघताना डिस्क कोठीत ठेवून जाजो."