आधी शेवटच्या शेताला

मेहकर, १४ डिसेंबर २०२४

चि. धम्मशीला,
सप्रेम जयभीम. फोनवर तू हो-नाहीच्या पुढे बोलत नाहीस, म्हणून लिहितो. दाजी गेल्यापासून जेवतेस की नाही, हीच काळजी. पाणीवापर संस्थेच्या उकंडरावांकडे शब्द टाकला आहे. या पाळीत कालव्याचं पहिलं पाणी तुझ्या हरभऱ्याला देतील. संस्थेतले सगळे मायेनं हो म्हणाले. तू कालव्याच्या चारीवर फिरकू नकोस. तब्येतीला जप.
तुझा भाऊ,
भाऊराव

सुलतानपूर, २१ डिसेंबर

ती. भाऊंना सविनय जयभीम.
जेवते. पाणी आलं.
आपलं शेत चारीच्या तोंडाशी. तरी ह्यांनी टेलपासून, म्हणजे शेवटच्या शेतापासून पाणी द्यायची रीत घातली होती. आपली पाळी सर्वांत शेवटी. माझ्यासाठी ती मोडल्यावर वरच्या सगळ्यांनीच मोडली. पाणी रस्त्यावर वाहिलं, खाली धूळच. टेलच्या सोजराबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, तुले भेटलं ते बरंच झालं बाई, पण आमच्या हरभऱ्यानं कोणाचं घोडं मारलं?
काल आपलं गेट बंद केलं. अर्धं शेत कोरडं आहे. उकंडराव म्हणाले, लोकांची माया अशी लाथाडू नका. मी म्हटलं, माया घरी आणा, चहा करते. मग वरची सगळी गेटं बंद करून कुलपं लावली. कोणी अडवलं नाही. नवरा गेलेल्या बाईला कोण अडवणार? त्याचा मी फायदा घेतला.
वहिनींना जयभीम.
आपली,
धम्मशीला

मेहकर, २४ डिसेंबर

चि. धम्मशीला,
जयभीम. उकंडरावांचा फोन आला. मला मान खाली घालावी लागली. दुःखात माणूस हट्टी होतो, हे समजतं. पण हरभरा फुलावर आला आहे, वाळला तर वर्षभर खाशील काय? रविवारी येऊन गेट मीच उघडतो. रागावू नकोस.
भाऊराव

सुलतानपूर, २७ डिसेंबर

ती. भाऊंना जयभीम.
रागावले नाही. सोजराबाईंचं शेत भिजलं. पाणी आता एकेक शेत वर येत आहे. आपली पाळी मंगळवारी. तोवर काही हरभरा वाळेल, तो वाळू दे. पुढच्या पाळीलाही असंच होणार, हे उकंडरावांना सांगून टाकलं आहे.
रविवारी जरूर या. येताना फावडं आणा, चारीचा काठ फुटला आहे. कुलपांच्या चाव्या खुंटीवर शोधू नका. त्या माझ्या कमरेला आहेत.
माया असू द्या, फक्त पाण्याच्या बाबतीत नको.
आपली,
धम्मशीला