जिन्यातून न मारलेली हाक

ब्राँक्स, न्यूयॉर्क
सोमवार, ३ मार्च १९५२

चि. लिबकेस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुला लहानपणापासून विसरायची खोड. हातमोजे विसरायचीस, डबा विसरायचीस. पण आजी अजून जिवंत आहे हेच विसरशील असं वाटलं नव्हतं. मुलगी झाली, आनंद झाला. तुला दूध भरपूर आहे, त्याहून आनंद झाला. आणि पत्रात खाली लिहितेस की पुढच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये तिचं नाव झेल्दे ठेवणार, माझ्या मानासाठी! अगं, आपल्या ज्यू लोकांत गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात. जित्या माणसाचं ठेवलं तर मृत्यूचा दूत गोंधळतो, कुठली झेल्दे न्यायची ते त्याला कळत नाही. मला नेलं तर फार बिघडत नाही. पण तोही आता म्हातारा झाला असेल, त्याच्या नजरेचा भरवसा मी धरणार नाही.

हे पत्र खालच्या मजल्यावरचे फाइवल लिहून घेताहेत. चाळीस वर्षं आपल्या यिडिश भाषेतल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवत होते. आता त्यांना अक्षरांवाचून करमत नाही, आणि माझ्या बार्लीच्या सूपावाचूनही. म्हणाले, इंग्रजीत लिहू, पोरीला समजेल. मी म्हटलं, समजायला नको, ऐकू यायला हवं. म्हणून भाषा आपली आणि अक्षरं इंग्रजी. कोट उलटा घालून लग्नाला निघाल्यासारखं वाटतं म्हणे त्यांना. मला कुठलीच लिपी येत नाही, तुला आपली येत नाही; दोघी सारख्याच. मोठ्याने वाच. माझ्या स्वयंपाकघरात वाढलीस, कानाला कळेल. बाळाला मांडीवर घेऊन वाच.

इथं सगळं ठीक. खोली तापवता तापवता रेडिएटर खोकतो, मीही खोकते. तुझी आई दर रविवारी येऊन माझ्याशी इंग्रजीत भांडते. मी यिडिशमध्ये जिंकते.

हल्ली दुपारी खिडकीशी बसल्या बसल्या डोळा लागतो. समोर दोऱ्यांवर चादरी हलत असतात. बघता बघता त्यांचं पाणी होतं, हिरवट, संथ. त्यातून एक पोर चालत येते. चार वर्षांची, अंगात मी विणलेली लाल बंडी. विचारते, आई, कधी पोचायचं? आपल्याच भाषेत विचारते. दुसरी शिकायला तिला वेळच मिळाला नाही. मी उत्तर देते. समोरच्या खिडकीतली बाई मग माझे हलणारे ओठ बघत बसते.

लिबके, हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. तिच्या आधी मला एक मुलगी होती. बोटीवर तिला ताप आला. सहाव्या दिवशी तिला समुद्रात सोडलं. समुद्रात दगड उभा राहत नाही, म्हणून तिचं नाव कुठेच कोरलेलं नाही.

फाइवलनी नाव विचारलं. मी सांगितलं, मिरल. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती वर्षांनी घेतलंत हे नाव?"

"पंचेचाळीस."

मग शाई संपली म्हणाले. संपली नव्हती.

दोन वर्षांनी तुझी आई झाली, तेव्हा तुझे आजोबा म्हणाले होते, मिरल ठेवू. मी म्हटलं, "मग जिन्यातून मिरल म्हणून हाक मारावी लागेल, आणि वर येईल ती दुसरीच." पुन्हा त्यांनी ते नाव कधी काढलं नाही. त्यांनी दुसरं नाव ठेवलं. आता ते नाहीत. मिरल फक्त माझ्या तोंडात उरली आहे, आणि या तोंडाचं काय, आज आहे, उद्या नाही.

माझ्या नावाची घाई नाही. ते माझ्यामागे कुणालाही दे. तू मात्र जिन्यातून हाक मारू शकशील. तुझ्या हाकेला येईल ती तुझीच असेल. जबरदस्ती नाही, मूल तुझं आहे. तुझ्या आईला काय सांगायचं ते मी येत्या रविवारी बघते.

दोन मुलींची आई आणि तुझी आजी,
झेल्दे

ता. क. नाव ठेवून झालं की पत्र पाठवू नकोस. पत्र आलं की फाइवलना वर बोलवावं लागतं, आणि हे उत्तर मला एकटीला उघडायचं आहे. खायला पाठव. दुसरं काही नाव ठेवलंत, तर खसखशीची बिस्किटं; रागवणार नाही, चहात बुडवून खाईन. मिरल ठेवलंत, तर सिनेगॉगमध्ये वाटाल त्यातलाच मधाचा केक पाठव. आक्रोड घालू नकोस, मला दात नाहीत.