दोन कॅमेऱ्यांची पट्टी

२ फेब्रुवारी
पट्टी परत वाकली! प्लास्टिकच्या पट्टीवर दोन छोटे कॅमेरे शेजारी बसवले, तर रुसलेल्या जावांसारखे दोघे दोन दिशांना बघतात. बाबा म्हणाले, "ॲल्युमिनियमची करून देतो. ह्या प्लास्टिकला काय जीव आहे?"

हा सगळा खटाटोप दादासाठी. त्याचं म्हणणं — बाबांचं वय झालं, लेथ मशीन विकून टाका. "एक दिवस बोट जाईल, मग बसाल रडत." मी म्हणते, हात अजून पक्का आहे. पण साध्या व्हिडिओत ते कळत नाही. बोट आणि फिरतं लोखंड यांच्यातलं अंतर दिसायला हवं. म्हणून दोन कॅमेरे, दोन डोळ्यांसारखे.

५ फेब्रुवारी
कॅमेऱ्यांत डोळ्यांइतकं अंतर ठेवायचं. बाबांच्याच डोळ्यांचं माप घेतलं. मोजपट्टी उजवीकडून आणली तर दचकले — "डोळा फोडतेस का!" डावीकडून आणली तेव्हा मुकाट बसले. एकदाचे शहाणे झाले!

८ फेब्रुवारी
पट्टी झाली. स्क्रू लोण्यात गेल्यासारखे बसले. बाबांनी कडेवरून नुसतं नख फिरवलं आणि माझ्या हातात दिली. मग चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले तो काठाबाहेर. खळ्ळ! "टेबल तू सरकवलंस!" नाचता येईना, अंगण वाकडं.

१० फेब्रुवारी
दोन्ही कॅमेरे एकदम सुरू होत नाहीत. आधी टाळी वाजवायची, मग त्या आवाजावरून दोन्ही चित्रं जुळवायची. बाबा म्हणाले, "कामाआधीच टाळ्या?"

१३ फेब्रुवारी
शूटिंग झालं. बाबा दाढी करून लेथवर!

१४ फेब्रुवारी
पुठ्ठ्याचा डबा, त्याला दोन भिंगं, आत मोबाईल — प्रत्येक डोळ्याला आपापल्या कॅमेऱ्याचं चित्र. व्हिडिओ जोडून झाला, पण मी अजून डब्यातून पाहिलेला नाही. पहिला मान बाबांचा. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. "छान. अगदी खरं वाटतं."

माझ्या लग्नाच्या फोटोतही ज्यांना फक्त तिरकी खुर्ची दिसली, ते हे म्हणाले! एकही खोट काढली नाही. मला भरून आलं. उगाच भांडी आवरत बसले.

१६ फेब्रुवारी
दादा आला. डबा डोळ्यांना लावला आणि ओरडलाच — "अगं, बाबांचं नाक आत गेलंय! लेथ त्यांच्या मागे आणि भिंत पुढे!" मी पाहिलं, तर खरंच. मळमळायला लागलं. जोडताना घोळ माझाच — डाव्या कॅमेऱ्याचं चित्र उजव्या डोळ्याला. असं झालं की जवळचं लांब आणि लांबचं जवळ दिसतं. लगेच बदललं.

मग तो बराच वेळ बघत राहिला. "हात खरंच पक्का आहे गं. ठीक आहे, चालू दे लेथ."

जिंकले!

१७ फेब्रुवारी
झोप नाही. तोच उलटा व्हिडिओ बाबांना 'अगदी खरा' वाटला होता. दोन डोळ्यांनी पाहणाऱ्याला तसा वाटणार नाही.

सकाळी लेथ सुरू व्हायच्या आधी डावीकडून गेले. त्यांच्या गालाजवळ हात हलवला. काहीच नाही.

"बाबा, डाव्या डोळ्याने कधीपासून दिसत नाही?"

ते वळले नाहीत. "दादाला कळलं?"

"नाही. तो तर हो म्हणून गेला."

बाबांनी लेथचा मेन स्विच खाली ओढून बंद केला. "मग आता तूच त्याला नाही म्हणून कळव. लेथ विकून टाकू."