कोरडा लंगोट

बाळ्या, फोन घरीच टाकून कामावर जातोस आणि वर बाप म्हणवतोस! सकाळी छकुलीचा लंगोट कोरडा बघून "जुलाब थांबले गं आई" म्हणत नाचलास. अरे, दुपार झाली तरी पोरीला शूसुद्धा झालेली नाही. साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजलं, तेही उलटलं. आत्ता रडली, तर डोळ्यांत टिपूस नाही. मग मी दम धरला नाही. खालच्या शिंपिणीला सोबत घेऊन छकुलीला मोठ्या दवाखान्यात नेतेय. किल्ली शिंप्याकडे आहे. अक्षर वाकडं आलंय ते खाली गाडी थांबलीय म्हणून, मी घाबरलेय म्हणून नाही. तू मात्र धावत ये. आलास की डॉक्टरांदेखत तोंडावर सांगणार आहे, ते आधीच वाच: "पोर बरी झाली नव्हती रे, सुकत चालली होती!"