तिसरा गोळा

बाबा, कागदावर तुम्हाला 'तुम्ही' लिहितो आहे. तोंडाने कायम 'तूं'च म्हटले. पण बोलायचे कोकणीत आणि लिहायचे मराठीत ही रीत तुम्हीच घालून दिली, आणि सातवीत शाळा सुटली तरी मी ती मोडली नाही. माझे ऑपरेशन झाले. लहानपणच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप बदलली. छातीवर मधोमध उभी शिवण आहे, खोकला आला की उशी घट्ट धरतो. ते सोसले. सोसवत नाही ते दादाबद्दल आहे.

इस्पितळात चौथ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, कोल्हापूरकडच्या. त्यांनी प्लास्टिकची डबी हातात दिली. तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक हलका गोळा आणि बाजूला नळी. पडून राहिल्याने श्वासाचे स्नायू ढिले पडतात, त्यांना रोज कामाला लावायचे, असे म्हणाल्या. मी नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून फुंकली. गोळे हलले नाहीत. आणखी जोराने फुंकली. बाई म्हणाल्या, "अहो, वाजवताय काय? आत ओढायचं. बिडी ओढतात तसं. बिडी मात्र ओढायची नाही." शेजारच्या खाटांवरचे हसले. सनईवाल्याच्या मुलाने नळी तोंडात धरल्यावर दुसरे काय करावे? मग मी ओढले. एक गोळा कसाबसा उचलला आणि पडला.

तेवढ्यात दादा चहा घेऊन आला. त्याने नळी पुसली, सहज एकदा ओढली, आणि तिन्ही गोळे वर जाऊन तिथेच थांबले. तेवढ्या वेळात त्याने दुसऱ्या हाताने माझा चहा ओतूनही दिला. झडप नवी आली, पण तुमचा दम त्याच्याकडेच राहिला, एवढेच डोक्यात होते.

स्वयंपाकघर आठवते. मी नऊ वर्षांचा आहे. दादा चुलीपाशी बसून पपईच्या पानाचा पोकळ देठ पेल्यातल्या पाण्यात धरून फुंकतो आहे. नाकाने हवा आत घेताना बुडबुडे तुटू नयेत, म्हणून तुम्ही पेल्यावर नजर ठेवून आहात. सनईचा सूर असाच न तुटता चालतो, हे मला ऐकून ठाऊक आहे. तुम्ही अंगणात गेल्यावर मी देठ उचलतो. चार बुडबुडे येतात. तुम्ही मागे उभे असता. देठ माझ्या हातातून काढून घेता आणि म्हणता, "हें तुजें न्हय. तुका दम ना." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दुरेघी वही आणून दिली. मी इतके शुद्ध लिहू लागलो की गावातल्या लग्नपत्रिकांचे मसुदे माझ्याकडे येऊ लागले. 'श्वासोच्छ्वास' मी आजही न अडखळता लिहितो. पण ती वही मला बक्षीस कधी वाटली नाही. देठ काढून घेतला म्हणून ती मिळाली होती.

गोवा राज्य झाले त्या वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून देवळात सनई दादाची, आणि त्याच्यामागे एकच सूर धरायला फोंड्याहून माणूस येतो. भला माणूस आहे, पण मी त्याच्याशी धड बोलत नाही.

आता रोज सकाळी पाववाला पोदेर उंडे देऊन गेला की दादा सोप्यावर माझ्यासमोर बसतो. मी ओढतो, तो बघतो, आणि किती गोळे वर गेले ते मी वहीत लिहितो. "खांदे उखलूं नाका. वारो पोटांत वचूं दी," म्हणतो, आणि मग सांगतो की हवा पोटात जाऊ द्यायची हे बाबांचेच बोलणे. दर सकाळी एक काहीतरी निघते. तुम्ही त्याला तळीत गळाभर पाण्यात उभे करून श्वास घ्यायला लावायचात. तो पहिल्यांदा पालखीसमोर न अडखळता वाजवून आला, तेव्हा तुम्ही स्वतःच्या सनईची पत्ती त्याला काढून दिलीत. यातले मला काहीच माहीत नव्हते. मी ऐकतो आणि जळतो. एकदा न राहवून म्हणालो, सगळे तुलाच दिले.

दादा हसला नाही. "तुका तो दर म्हयन्याक इंजेक्शनाक डिचोली व्हरतालो. म्हाका केन्ना व्हेल्लो? तुका भजी-पाव, म्हाका तळी."

खरे होते, डिचोलीला तुम्ही मलाच न्यायचात. खनिजाच्या ट्रकांमागे अडकलेली बस, खिडकीतून येणारी तांबडी धूळ, माझ्या नाकावर तुम्ही धरलेला तुमचा रुमाल. ते मी आजारपणात धरत आलो, तुमच्या मायेत कधी धरले नाही. तरी हेवा गेला नाही, बाबा. रुमाल धरणारे तुम्ही मला मिळालात, शिकवणारे त्याला.

दादाने कबूल केले आहे. तिसरा गोळा वर राहू लागला की डॉक्टरांना विचारायचे, आणि ते हो म्हणाले तर फोंड्याच्या माणसाला निरोप द्यायचा. "सूर तूं धर," म्हणाला. जन्मभर मला हेच हवे होते. पण मग सकाळचे बसणे संपेल. त्याला सुर्ल्याला कामावर जायचे असते, माझ्यासाठी तो रोज एक बस सोडतो. गोळे तिन्ही चढल्यावर कशाला सोडेल?

हे पत्र वहीत ठेवता येत नाही, ती दादा रोज उघडतो. उशीच्या अभ्र्यात ठेवीन. वहीत आठ दिवस मी 'दोन' लिहितो आहे, स्वच्छ अक्षरात. तिसरा गोळा गेल्या सोमवारीच वर गेला, दादा घरी नसताना, आणि राहिलाही. त्याच्यासमोर मी मुद्दाम कमी ओढतो.