सीटखालचं बटण

२ मार्च, सोमवार

आलो एकदाचा! महिनाभर मोटारीत झोपून मान पार वाकडी झाली होती, आज पलंग आहे. पलंगावर चादरही आहे, तिच्यावर बदकं छापलेली.

घर मिस ड्रूसिलाचं; इकडे लग्न झालेल्या म्हातारीलाही मानाने मिसच म्हणतात. नवरा व्हर्लिन गेल्या वसंतात वारला. त्याची जुनी, बॅटरीवर चालणारी गोल्फची गाडी गॅरेजमध्ये बंद पडून आहे. शनिवारी इथे सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघते आणि बाईंना त्याच गाडीत बसून जायचंय. ठरलंय ते असं: शनिवारपर्यंत गाडी चालली, तर गॅरेजवरची ही खोली वर्षभर माझी. नाही चालली, तर मी पुन्हा मोटारीत. मी छातीठोक सांगून टाकलं की बॅटऱ्यांचं मला सगळं कळतं. ऑरलँडोजवळच्या एका गोदामात काही महिने बॅटऱ्या धुतल्या आहेत, तेवढं माझं कॉलेज.

गॅरेजसमोर सिमेंटचा उतार, उताराच्या टोकाला तळं. तळ्यात एक काळा पक्षी पंख पसरून वाळत बसला होता. त्याच्याकडे बघण्यातच संध्याकाळ गेली, गाडीला हातसुद्धा लागला नाही.

३ मार्च, मंगळवार

सीट उचलली. खाली सहा बॅटऱ्या ओळीने, टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली. खायच्या सोड्याच्या पाण्याने घासून काढली. मीटर लावला तर पाच बॅटऱ्या अशक्त पण जिवंत, सहावी मेलेली. किल्ली फिरवून पेडल दाबलं की टक् असा आवाज येतो आणि पुढे काही नाही.

बॅटऱ्यांच्या शेजारी एक बटण आहे, त्याला दोन बाजू. एकीकडे रन, म्हणजे गाडी चालायला तयार. दुसरीकडे टो, म्हणजे वीज तोडलेली, ढकला नाहीतर ओढा. काम करायचं ते टोवरच, गोदामात पहिल्या दिवशी शिकवलेलं हे एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. मी टोवर टाकलं, आत जाऊन मिस ड्रूसिलाच्या हातचं चीज सँडविच खाल्लं, परत आलो तर बटण रनवर. आणि ओलं. माझेच हात ओले असतील.

शेजारचा गिल प्रुइट डोकावून गेला. म्हातारा भारी तोंडाळ. म्हणाला, काय रे पोरा, मेकॅनिक आहेस की नुसता जेवायला आलास. मी किल्ली नीट फिरत नाही म्हटलं, तर स्वतःच्या गाडीची काढून दिली आणि ती बरोब्बर लागली. या जुन्या गाड्यांची किल्ली एकच, सगळ्या गल्लीत कुणाचीही कुणाला चालते. गिल म्हणतो, एकदा दुकानातून तो दुसऱ्याचीच गाडी घेऊन घरी आला, आणि बायको म्हणाली की ही आपल्यापेक्षा बरी आहे, राहू दे.

म्हणजे बटणाचा चावटपणा याचाच असणार.

४ मार्च, बुधवार

गिलने कुठूनतरी सहावी बॅटरी आणून दिली. सगळ्या काढून जमिनीवर मांडल्या, चार्जिंगला लावल्या. गाडीचं पोट रिकामं. बटण टोवर.

भर दुपारी, लख्ख उन्हात, मी दारात बसून उकडलेल्या शेंगा खात होतो. मागे गाडी वाजली. गाडी मागे घेताना जो पीं पीं होतो ना, तो. बॅटरी एकही नाही, किल्ली माझ्या खिशात. वाजली, थांबली. पुन्हा वाजली.

सीट उचलली. बटण रनवर. त्याच्यावर तळ्यातलं ते बारीक हिरवं शेवाळ चिकटलेलं, आणि दोन बोटांचे ठसे. बोटं जाड. माझी नाहीत.

गिलला जाऊन विचारलं, तुम्ही मस्करी करताय का.  तो खाली बघत म्हणाला, ती गाडी तळ्यातून मीच काढलीय. व्हर्लिनसकट.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, बटण टोवर होतं रे, आम्ही म्हटलं, निदान वीज तरी बंद होती.

५ मार्च, गुरुवार

सकाळी बॅटऱ्या बसवल्या, रनवर टाकून उतारावरून खाली नेली, वर आणली. चालते. उतरताना पाय काढला तरी पळत नाही, मोटरच चाकं धरून ठेवते, मुंगीसारखी रांगते. मिस ड्रूसिला दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. खोली मिळाली म्हणायची.

एक नट सैल वाटला. टोवर टाकलं, पाना लावला. आणि माझ्या डोळ्यांदेखत, हात बटणापासून वीतभर लांब असताना, बटण फिरलं. हळू. जड बोटांनी फिरवावं तसं. मी दचकलो, पाना घसरून दुसऱ्या टोकावर आदळला. निळी ठिणगी. पान्याचं तोंड वितळलंय.

हा व्हर्लिनच. याला मला मारायचंय. नाहीतर गाडी चालू द्यायची नाही. पळून जावं, पण जाऊ कुठे? तीच मोटार, तीच मान.

बटण टोवर करून वर लोखंडी पट्टी ठोकली. दोन स्क्रू. आता फिरव म्हणावं. शनिवारी मिरवणुकीआधी पट्टी काढायची, रनवर टाकायचं, काम संपलं.

६ मार्च, शुक्रवार

एक स्क्रू अर्धा बाहेर. ओला. दुसऱ्याच्या डोक्यावर नखांचे ओरखडे.

लांब स्क्रू घातले. चार.

दिवसभर सीटखाली टकटक. मिस ड्रूसिलाला ऐकू येत नाही. ती कागदी फुलं करतेय, विचारते, पोरा, पिवळी जास्त लावू की निळी? व्हर्लिनला पिवळी आवडायची.

पिवळी म्हटलं. 

७ मार्च, शनिवार

ऊन चांगलं पडलंय. फुलं बांधायला जागा हवी म्हणून गाडी ढकलून बाहेर उताराच्या तोंडाशी ठेवली. टोवर आहे, हलकी जाते. ब्रेक खटक्यावर अडकवलाय. पट्टी काढायला स्क्रूड्रायव्हर घ्यायला आत आलो आणि सापडेना, म्हणून बाकावर बसून हे लिहितोय.  लिहिता लिहिता आठवेल कुठे ठेवला.

सकाळी न्याहारीला मिस ड्रूसिलाने सांगितलं. व्हर्लिनला शेवटी दिसत नव्हतं धड, तरी गाडी काढायचा. किल्ली लपवून काय उपयोग, गिलची लागायची, कुणाचीही लागायची. म्हणून त्या दिवशी तिने गुपचूप सीट उचलून बटण टोवर टाकलं. बंदच केली होती रे मी, म्हणाली, बंद गाडी तळ्यात गेली कशी, देव जाणे.

टकटक आता जोरात. गाडी बाहेर आहे तरी इथे ऐकू येतेय.

बंद गाडी. पण टोवर नुसती वीज जाते. चाकं मोकळी होतात. मोटर धरत नाही. आणि या गाडीचं चालवायचं पेडल दाबलं की ब्रेकचा खटका आपोआप सुटतो — वीज असो नसो —

तो बसला. चालू होत नाही म्हणून पेडल दाबलं असेल. खटका सुटला. उतार.

म्हणून तो रनवर करत होता. दर वेळी. मला मारायला नाही —

आणि मी चार स्क्रू —

पीं पीं वाजतेय. थांबत नाही. वर पाहिलं. मिस ड्रूसिला गाडीत बसलीय, पिवळी टोपी घालून. मला हात करतेय. म्हणते, बघू तरी कशी दिसते मी, आणि पाय खाली पेडल शोधत —

नको बाई पाय —

खटका